उद्यापन नसलेले व्रत

बीड जिल्ह्यातल्या पुष्कळ खेड्यांत रात्रीच्या जेवणाच्या भाकरी आजही आधी करून ठेवल्या जात नाहीत; जेवणारे ताटावर बसतात आणि मग चुलीवरच्या तव्यातून एकेक भाकरी उतरत जाते. काटवटीत मळलेल्या ज्वारीच्या पिठाचा उंडा हातावर गोल फिरत असताना थापणारी बाई मान वर न करता विचारते, ‘अजून टाकू का?’ या प्रश्नाचे उत्तर ताटातली भाकरी संपण्यापूर्वीच द्यावे लागते, कारण थापायला, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायला, उलटायला आणि शेवटी आरावर, म्हणजे चुलीतून पुढे ओढलेल्या निखाऱ्यांवर, फुगवायला तेवढा वेळ लागतोच. त्यामुळे जेवणाऱ्याला दोन-चार घास पुढची भूक आत्ताच ओळखावी लागते. तो ‘टाक’ म्हणतो, ‘बास’ म्हणतो किंवा ‘चतकोरच दे’ म्हणतो, म्हणजे भाकरीचा चौथा हिस्सा. उरलेली तीन चतकोरे दुसऱ्या कुणाच्या ताटात जातात किंवा दुरडीत फडक्याखाली पडतात. चतकोर किती ग्रॅमचे असते हे कुणी कधी पाहिलेले नसते, कारण भाकरीही हाताहाताप्रमाणे लहानमोठी होते, आणि तरी या मापावर घरेच्या घरे पिढ्यान्‌पिढ्या जेवत आली आहेत.

हाच प्रश्न वर्षानुवर्षे डाएट केलेल्या माणसाला विचारला की ते गडबडते. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव अशा गावांतल्या शिक्षकवर्गात, बँका आणि सरकारी कचेऱ्यांतल्या नोकरदारांत आणि त्यांच्या घरांतल्या स्त्रियांत गेल्या वीसेक वर्षांत असे लोक भरपूर झाले आहेत. सकाळी कोमट पाण्यात मध आणि लिंबू, मग काही महिने डब्यातल्या भुकटीचे शेक, मग भात बंद, मग गहू बंद, मग संध्याकाळी सातनंतर तोंड बंद, अशा पायऱ्या त्यांनी चढलेल्या आणि उतरलेल्या असतात. ‘अजून टाकू का?’ असे विचारल्यावर त्यांचे लक्ष पोटाकडे जात नाही. दुपारी काय खाल्ले, काल किती चालणे झाले, सकाळी काट्यावर आकडा कोणता आला, याचा हिशेब आधी सुरू होतो आणि उत्तर त्या हिशेबातून येते. इथे एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. या जिल्ह्यातला शेतकरी काट्यावर सहसा विश्वास ठेवत नाही. मोंढ्यावर, म्हणजे धान्याच्या बाजारपेठेत, कापसाच्या खरेदीत आणि उसाच्या वजनात काटा मारला जातो ही त्याची जुनी तक्रार आहे, आणि त्याच शेतकऱ्याच्या शिकलेल्या मुलीला न्हाणीघरातल्या काट्याविषयी मात्र कधी शंका येत नाही.

मराठवाड्यातल्या डाएटची गोष्ट डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या नावाशिवाय पुढे जात नाही. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेल्या दीक्षितांनी नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) यांच्या विचारावर उभी केलेली आहारपद्धती २०१८च्या सुमारास व्हॉट्सॲपवरून आणि सभागृहांतल्या व्याख्यानांतून घराघरांत पोहोचली. दिवसातून दोनदाच जेवावे, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवावे, मधल्या वेळात पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा चहा यांपलीकडे काही घेऊ नये, आणि रोज पंचेचाळीस मिनिटे चालावे, असा तिचा गाभा. खाण्याच्या वेळा कमी केल्या की इन्शुलिन, म्हणजे रक्तातली साखर पेशींत पोहोचवणारे संप्रेरक, कमी वेळा स्रवते, अशी त्यामागची मांडणी. त्याच काळात आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने थोडे थोडे खावे, तूप-भाताला घाबरू नये, असे सांगत होत्या, आणि दोघांपैकी कोण बरोबर यावर लग्नाच्या पंगतीतही वाद झडत. दीक्षितांच्या पद्धतीचा आपल्याला फायदा झाला असे सांगणारे लोक आजही पुष्कळ भेटतात आणि त्यांचे म्हणणे झटकून टाकण्याचे काही कारण नाही. परंतु त्या पद्धतीची पहिली पायरी बहुतेकांच्या लक्षातून निसटली. आपल्याला कडकडून भूक नेमकी केव्हा लागते ते आधी ओळखावे आणि त्या दोन वेळा जेवणासाठी धराव्यात, असे तिथे सांगितलेले होते. लोकांनी ही पायरी ओलांडली आणि थेट घड्याळ हाती घेतले. पंचावन्नाव्या मिनिटाला ताटात घास शिल्लक असेल तर तो भराभर कोंबायचा, आणि एरवी दुपारी चारला पोटात आग पडली तरी रात्री आठची वाट पाहायची. घड्याळ पाळणे सोपे असते हे त्याचे साधे कारण असावे. त्यात पाळले की चुकले एवढेच ठरवायचे असते.

निसटलेल्या या पायरीवरच एक वेगळा विचार उभा आहे. एव्हलिन ट्रायबोले आणि एलिस रेश या दोन अमेरिकी आहारतज्ज्ञ स्त्रियांनी १९९५मध्ये ‘इंट्युइटिव्ह ईटिंग’ या नावाचे पुस्तक लिहिले. मराठीत त्याला ‘अंतःप्रेरणेने खाणे’ म्हणता येईल. त्यातल्या दहा तत्त्वांपैकी पहिले आहारबंधनांची मनोवृत्तीच सोडून देण्याचे आहे. पुढे भुकेचा मान राखणे, कोणत्याही पदार्थाला पापाचा शिक्का न मारणे, प्रत्येक घासावर गुन्हा नोंदवणारा मनातला फौजदार ओळखणे, पोट भरल्याची जाणीव होऊ देणे, खाण्यातली तृप्ती शोधणे असे टप्पे येतात, आणि पोषणाचा सल्ला जाणूनबुजून अगदी शेवटी ठेवलेला आहे. याच्या मुळाशी असलेल्या क्षमतेला शास्त्रात ‘इंटरोसेप्शन’ म्हणतात, म्हणजे तहान, भूक, धडधड, थकवा अशा शरीराच्या आतल्या खुणा मनाला कळण्याची शक्ती. आपल्याकडच्या जुन्या वैद्यकाला हे परके नव्हते. चरकसंहितेत जे तेरा नैसर्गिक वेग दाबून धरू नयेत असे सांगितले आहे त्यांत शिंक, जांभई, झोप आणि अश्रूंच्या बरोबरीने भुकेलाही जागा आहे, आणि किती खावे याचे उत्तर देताना त्याच ग्रंथाने पोटाचे तीन भाग कल्पून एक घन अन्नासाठी, एक द्रवासाठी आणि एक वात, पित्त, कफ यांच्या हालचालीसाठी मोकळा सोडायला सांगितला आहे. हे भाग ज्याचे त्यालाच आतून जोखायचे आहेत.

मग ही जाणीव हरवते कशी? दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४–४५मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने छत्तीस निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र धरायला सदसद्विवेकबुद्धीने नकार दिलेले हे तरुण स्वेच्छेने आलेले होते, आणि युद्धग्रस्त प्रदेशांतल्या उपाशी माणसांना पुन्हा अन्नावर कसे आणावे हे समजून घेणे हा हेतू होता. चोवीस आठवडे त्यांना दिवसाला सुमारे १,५७० कॅलरींचे अन्न दिले गेले. हा आकडा वाचून आजच्या डाएट करणाऱ्याला आश्चर्य वाटेल, कारण त्याच्या हातातला तक्ता अनेकदा याहून कमी असतो. त्या तरुणांचे वजन जवळजवळ पावपट घटले. परंतु त्याहून बोलका बदल मनात झाला. अन्नापलीकडे त्यांना काही सुचेना; ते पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागले, ताटे चाटू लागले, एकेक घास तास-तास पुरवू लागले, आणि प्रयोग संपून हवे तेवढे अन्न समोर आल्यावर कित्येकांना पोट गच्च भरूनही भरल्यासारखे वाटेना. पुढे १९९४मध्ये लेप्टिन आणि १९९९मध्ये घ्रेलिन ही संप्रेरके सापडली. पहिले चरबीच्या पेशींतून निघून साठा पुरेसा असल्याची खबर मेंदूला देते आणि दुसरे जठरातून निघून भूक पेटवते. अन्न तोडले की पहिले ओसरते, दुसरे चढते, आणि शरीर आपला खर्चही आखडते.

दुष्काळ पाहिलेल्या जिल्ह्यात हे समजावून सांगायला फार शब्द लागू नयेत. ज्या घराने दोन वर्षे पाठोपाठ पाऊस पाहिलेला नाही ते घर तिसऱ्या वर्षीची सुगी मनसोक्त खात नाही. पेव, म्हणजे जमिनीत खणलेले धान्याचे कोठार, आधी भरते, उधळपट्टी बंद करते आणि कुठे स्वस्त धान्य दिसले की गरज नसताना घेऊन ठेवते. शरीरही तसेच वागते. बँकेत नोकरी करणाऱ्या बाईने दिवाळीनंतर स्वखुशीने सुरू केलेले डाएट आणि आभाळाने केलेली दगाबाजी यांतला फरक त्याला कळत नाही. आत येणारे अन्न अचानक कमी झाले एवढेच त्याला कळते. रात्री अकराला ती स्वयंपाकघरात जाऊन उभ्याउभ्याच डब्यातले चार लाडू खाते तेव्हा ती स्वतःला हावरट म्हणते, कारण मनातल्या फौजदाराला तेवढेच कलम पाठ असते.

बीडमध्ये या गोष्टीला आणखी एक पदर आहे. १९७२चा दुष्काळ भोगलेली माणसे अजून घराघरांत आहेत. पाझर तलावांच्या आणि खडी फोडण्याच्या कामांवर वाटलेली सुकडी, परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी आणि तिची घशाखाली न उतरणारी भाकरी यांच्या आठवणी ते सांगतात, आणि पुढे सांगताना सहज म्हणून जातात की पानात टाकू नये, अन्नाचा शाप लागतो. त्यांच्या हाताखाली वाढलेली मुले पोट भरले म्हणून थांबायला कधी शिकलीच नाहीत. ताट स्वच्छ झाले की थांबायचे एवढे ती शिकली. ‘पोट भरले की उरलेले तसेच ठेवा,’ हा अमेरिकी पुस्तकातला सल्ला या घरांत नुसता अवघडच नाही, तर काहीसा उद्धटही वाटतो. ज्या ताटाच्या मागे मिलो आहे त्यात घास टाकून उठण्याला आरोग्य म्हणायला जीभ वळत नाही, आणि वळू नये असेच प्रस्तुत लेखनाचे मत आहे. त्यावर तोड काढणाऱ्या स्त्रिया दिसतात. त्या मुळातच थोडे वाढून घेतात आणि लागेल तसे पुन्हा घेतात, म्हणजे सासूबाईंचा शब्दही राहतो आणि पोटाचाही.

उपवासाचे काय, असा प्रश्न इथे कुणीही विचारील, कारण पंढरीच्या वाटेवरच्या या जिल्ह्यात एकादशी न करणारे घर शोधावे लागते. पैठणहून निघणारी नाथांची पालखी याच मातीतून जाते आणि त्या काळात साबुदाणा आणि भगर यांच्या राशी लागतात. एकादशी आणि दुप्पट खाशी ही थट्टाही त्याच लोकांनी स्वतःवर केलेली आहे. परंतु व्रताची घडण पाहिली तर त्यात एक शहाणपण आढळते. उपवासाला दुसऱ्या दिवशीचे पारणे ठरलेले असते, आणि सोळा सोमवारांसारख्या मोठ्या व्रताला उद्यापन असते, म्हणजे ते विधिपूर्वक पुरे करून, चार माणसांना जेवू घालून त्यातून मोकळे होण्याचा संस्कार असतो. डाएटला असे काही नसते. ते एक तर चालू असते किंवा मोडलेले असते. कुणाच्या तरी साखरपुड्यात जिलेबीच्या एका वेढ्याने ते मोडते, आणि मोडल्यावर उरतो तो केवळ अपराध, ज्याचे प्रायश्चित्त म्हणून पुढच्या सोमवारी अधिक कडक डाएट धरले जाते. अशा प्रकारे दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे निघून जातात. अंतःप्रेरणेने खाण्याकडे वळणाऱ्या माणसाला पहिल्यांदा बहुधा हेच करावे लागते: न संपणाऱ्या या व्रताचे उद्यापन, आणि तेही कोणत्याही पोथीत विधी सापडत नसताना.

नंतरचा काळ सुखाचा असतो असे मात्र नाही. बंदी उठली की काही दिवस, काही आठवडे बंदीतल्या पदार्थांचाच सपाटा चालतो आणि माणूस घाबरते की आपण आता कधीच थांबणार नाही. बीडमध्ये ही परीक्षा दसऱ्याच्या आसपास सीताफळावर होते. बालाघाटाच्या डोंगरउतारांवर कुणी न लावता वाढलेली सीताफळे पाट्यांमधून रस्त्याकडेला येतात. २०१६मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे या मातीशी बांधलेला त्याचा गुण कायद्याने मान्य झाला. डाएटच्या तक्त्यात मात्र ते ‘साखर जास्त’ या रकान्यात पडलेले असते. कित्येक वर्षे त्या पाटीकडे न पाहता पुढे गेलेली बाई पहिल्या मोसमात पाटीच घरी आणते आणि दोन दिवसांत संपवते, हे घडते. पण सीताफळ घाई फारशी चालू देत नाही. डोळे उघडून साल मऊ पडल्याशिवाय ते खाता येत नाही; खाताना प्रत्येक पाकळी जिभेवर फिरवून गर सोडवावा लागतो, काळी गुळगुळीत बी ओठांशी आणून तळहातावर टाकावी लागते, सालीला चिकटलेला रवाळ गर शेवटी बोटाने निपटावा लागतो. या खटपटीत जीभ आणि पोट यांना बोलायला वेळ मिळतो. पुढच्या मोसमात तीच बाई एक फळ खाऊन दुसरे हातात घेते, दाबून पाहते आणि उद्यासाठी तांदळात ठेवून देते. तिने मनावर ताबा मिळवला असे शेजारी म्हणतील. वस्तुतः उद्या ते मिळणार आहे याची तिला खात्री पटलेली असते.

तथापि भूक ही एकट्याची बाब नसते. गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात आमटी-भाकरीची पंगत बसते. घराघरांतून आलेल्या भाकरी पत्रावळीत चुरायच्या, मध्ये आळे करायचे आणि वाढप्याने बादलीतली झणझणीत आमटी त्यात ओतायची. पोट भरल्याचे सांगण्याची तिथली भाषा म्हणजे पत्रावळीवर आडवा धरलेला पंजा. ‘घ्या माउली’ म्हणत वाढपी बोटांच्या फटींतूनही ओततो, आणि त्याला रागावण्याचे कुणाच्या मनातही येत नाही. आग्रहाने खाल्लेला तो जास्तीचा घास पोटाने मागितलेला नसतो हे खरे. पण शेजारी मांडी घालून बसलेल्यांच्या सोबतीने तो खाणे ही देखील एक भूकच आहे, आणि पोटाचे ऐकण्याच्या नादात जो पंगतीतून तटकन उठतो त्याने नवे डाएट धरले आहे, एवढेच म्हणता येईल.

याच जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसे ऊस तोडायला सांगली, सातारा, कोल्हापूरकडे आणि सीमेपलीकडे कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर फेडायची असते, आणि एका दिवसाचा खाडा पडला तरी पैसे कापले जातात. कोयत्यातली बाई पहाटे तीन-चारला उठून कोपीपुढे, म्हणजे तात्पुरत्या खोपटापुढे, तीन दगडांच्या चुलीवर दिवसभराच्या भाकरी थापते, ठेच्यासह फडक्यात बांधते आणि फडात उतरते. ती जेवते तेव्हा तिला भूक लागलेली असते म्हणून नव्हे; वाहन भरून निघालेले असते आणि दुसरे अजून आलेले नसते म्हणून. कधी भूक आधीच लागून विझलेली असते, कधी मिश्रीच्या चिमटीने मारलेली असते. उघड्या फडात आडोसा नसल्याने ती पाणीही मोजून पिते. तेरा वेगांपैकी बहुतेक सगळेच तिला दाबावे लागतात. शरीराचे ऐका असे तिला सांगणे हा विनोद ठरेल, कारण ऐकायला लागणारा निवांत प्रहरच तिच्या मालकीचा नाही. अंतःप्रेरणेने खाण्याचा विचार ज्यांनी मांडला त्यांनी पुढचे जेवण नक्की मिळणार हे गृहीत धरलेले आहे. ते गृहीत काढून घेतले की त्या विचारातले फारसे काही उरत नाही. परंतु बीड शहरात आज डाएट करणाऱ्या अनेक स्त्रिया याच बायांच्या लेकी आणि सुना आहेत. घरात धान्य आले, गॅस आला, फ्रीज आला, आणि त्याच सुमारास तक्ताही आला. त्यामुळे भूक लागल्यावर, लागली म्हणून जेवण्याची पाळी मधल्या मध्ये राहूनच गेली. या स्त्रियांना हरवलेले काही परत मिळवायचे नसून कदाचित पहिल्यांदाच मिळवायचे आहे.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असलेल्यांना हे सारे एवढे मोकळे नसते. त्यांच्या भुकेवर औषधाचाही हात असतो आणि जेवणाच्या वेळा डॉक्टरांशी बोलूनच ठरवाव्या लागतात. त्यांच्यापुरते घड्याळ खरे आहे.

इतरांच्या वाट्याला निराळी अडचण येते, आणि ती संक्रांतीच्या हळदीकुंकवात चांगली दिसते. कुंकू लावून, वाण देऊन झाले की हातावर तिळाची वडी पडते आणि प्रश्न येतो, ‘वहिनी, सध्या काय चालू आहे तुमचं?’ या प्रश्नातले ‘काय’ सर्वांना ठाऊक असते. एकीचे दोन वेळचे जेवण चालू असते, दुसरीचे सोळा तासांचे, तिसरीने नुकताच गहू सोडलेला असतो. ‘काही नाही,’ असे उत्तर आले की समोरची थोडी ओशाळते आणि सांत्वनाच्या सुरात म्हणते, ‘सोडलंत होय? जाऊ द्या, उन्हाळ्यात धरा परत.’ वहिनी तिळाच्या वडीचा तुकडा मोडतात आणि सोडले नाही, धरलेही नाही, असे काहीतरी सांगायला जातात. तेवढ्यात दारात आणखी चार जणी येतात आणि वाणाला यंदा काय लुटले याची चौकशी सुरू होते.